धवलार्णवाचा पहिला प्रयोग

१२ डिसेंबर २००२, सकाळी

आजपासून रोज पहाटे चारला उठून लेखन. आज आठला उठलो, पण निश्चय काल झोपता झोपता झाला, म्हणून आजचा दिवस धरायचा नाही.

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी गावात जे नाटक होतं ते यंदा माझं. मंडळाचे अध्यक्ष दसरूभाऊ हो म्हणाले. नेहमीच्या लेखकाने यंदा नाटक पाठवलंच नाही, हेही एक कारण असेल. मुख्य कारण प्रतिभा. आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीने कुंकू, बांगड्या, सासू आणि सून यांच्यावर पुष्कळ रडून घेतलं. माझं नाटक 'धवलार्णव'. स्थळ: त्रिखंड नावाच्या जगाच्या उत्तर टोकाला असलेला गोठलेला समुद्र. तिथे जो गेला तो परत आला नाही. माणसं मरतात, पण कोणी रडत नाही, कारण अश्रू गोठतात. टोटल नवीन कन्सेप्ट.

१५ डिसेंबर

पहिला अंक झाला. म्हणजे डोक्यात झाला.

मी समुद्र पाहिलेला नाही. बर्फही रसवंतीवाल्याकडचा तेवढाच. हा प्लस पॉइंट आहे. पाहिलेली माणसं जे दिसतं तेच लिहीत बसतात. धवलार्णवातली संकटं अशी: एक, पोटात जहाज घेऊन फिरणारे हिमपर्वत. दोन, हाका मारणारं धुकं, ओ दिली की नावाडी संपला. तीन, बर्फाखाली राहणारा शंभर हात लांब हिमशार्दूल. आणि या सगळ्यांवर राज्य करणारी राणी हिमांगिनी.

जेवताना वाचून दाखवलं. बाबांची हयात गावच्या तलावावर जाळं टाकण्यात गेली. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं की त्या समुद्रात मासोळी कोणती लागते. हिमशार्दूल, म्हणालो. खाता येते का, म्हणाले. नाही, उलट तोच खातो. मग तिकडं कोणी जातेच काऊन, म्हणाले आणि हात धुवायला उठले. बाबांची पिढी वेगळी.

२२ डिसेंबर

तालीम. दसरूभाऊंच्या बारीकसारीक सूचना. धवलार्णवात एक कॉमेडी पार्ट पाहिजे. एक लावणी पाहिजे. आणि मरताना आई पाहिजेच, आईशिवाय बाया तिकीट काढत नाहीत. मी तत्त्वाचा माणूस. साफ नाही म्हणालो. आता दुसऱ्या अंकात हिमशार्दूलाची आई येते. लावणी जहाजावर आहे. उलट खोली वाढली.

हिमांगिनीच्या पार्टसाठी नागपूरच्या बाई ठरल्या. त्यांनी एकच विचारलं, थंडीचं नाटक आहे तर स्वेटर घालता येईल का. राणीला स्वेटर शोभत नाही, असं मी स्पष्ट सांगणार आहे.

पहाटे उठणं एक तारखेपासून.

२९ डिसेंबर

आईने सांगितलं, नाटकाला वडशाहून पाहुणे येणार. इस्तारीभाऊ, त्यांच्या घरच्या बाई आणि मुलगा अमर. माझ्या बहिणीला, डिंपलला पाहायला.

आमच्याकडे असंच. नाटक हे निमित्त. पाहुणे येतात, जेवतात, नाटक बघतात आणि जाता जाता सोयरीक जुळवून जातात. डिंपलचा हा तिसरा पट. पहिल्या वर्षी आले ते मटण खाऊन गेले, निरोप नाही. गेल्या वर्षी मी पाहुण्यांना माझ्या कविता ऐकवल्या. तेही फिरकले नाहीत. आईच्या मते या दोन गोष्टींचा संबंध आहे. यंदा नाही जमलं तर नातलग तोंडावर बोलतील, म्हणाली आणि डोळे पुसले. डिंपल तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, दादा, या वर्षी तू काही करू नको.

आता शांतपणे विचार केला. वडसा. म्हणजे नाटक कंपन्यांचं माहेरघर, झाडीपट्टीची राजधानी. वडशाचा माणूस आमच्यासारख्या गावात नुसती मुलगी पाहायला कशाला येईल? तिकडे मुली नाहीत? इस्तारीभाऊ कंपनीचे माणूस असणार. नवीन नाटक हेरायला येतायत आणि बोभाटा नको म्हणून डिंपलचं नाव पुढे केलंय. मोठी माणसं अशीच लाजाळू असतात.

घरी बोललो नाही. डिंपलला उगाच वाईट वाटायचं.

४ जानेवारी २००३

हिमपर्वत थर्माकोलचे नकोत. वडशाच्या माणसाला थर्माकोल लांबून कळतो. शेवटच्या प्रवेशात खरा बर्फ. चामोर्शीच्या बर्फवाल्याला चार लाद्या सांगून आलो. जहाज त्यांच्यावर आदळणार.

दसरूभाऊ म्हणाले, वितळन ना बाबू. म्हटलं, वितळायलाच पाहिजे, शोकांतिका आहे.

८ जानेवारी, सकाळी

आज. प्लॅन: नऊला आंघोळ, दहाला स्टेज, बाराला चामोर्शीहून बर्फ, तीनला फाट्यावर पाहुणे. पटाच्या दिवशी आमचे दोन सोडून गावातला प्रत्येक बैल दानीवर, शर्यतीच्या धावपट्टीवर, त्यामुळे बर्फ आणि पाहुणे दोन्हींना आमची एकच बैलबंडी. टाइम मॅनेजमेंट असेल तर काही कठीण नाही. आईला तीन वेळा शब्द दिला.

८ जानेवारी, संध्याकाळी

बर्फवाल्याने थोडा उशीर केला. मी निघालोच उशिरा, पण त्याने आणखी केला. शिवाय परत येताना पट लागला होता, मिनिटभर थांबलो तर आमच्या ओळखीची जोडी फायनलला.

पाहुणे फाट्यावर बाभळीखाली बसलेले. दिवस मावळायला आला होता. बंडीत चार लाद्या, त्यावर धानाचा कोंडा आणि पोते. बसायला जागा म्हणजे लाद्याच. इस्तारीभाऊंनी विचारलं, खाली ओलं काऊन लागून राह्यलं. बर्फ आहे, नाटकाचा, म्हणालो. बाईंनी लुगडं गोळा केलं. अमर खाली उतरून बंडीमागे चालू लागला. मी वाटेत पहिला अंक तोंडपाठ म्हणून दाखवला. शंभर हात हिमशार्दूल म्हटल्यावर इस्तारीभाऊ अक्षरशः कापत होते. इतका रिस्पॉन्स आजवर कोणी दिला नाही.

घरी उतरले तर त्यांना धड उभं राहता येईना. आई माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही. खुश असली की ती गप्प होते.

९ जानेवारी, सकाळी

प्रयोग रात्रभर चालून पार पडला. ठळक गोष्टी:

बर्फ चारपैकी दीड लादी उरला. बाकीच्याचं पाणी स्टेजच्या फळ्यांतून खाली, तिथे बसलेल्या पेटीवाल्याच्या डोक्यावर. तो टोपी घालून वाजवत राहिला. कलाकार असावा तर असा.

नागपूरच्या बाई स्वेटर आणि चपला घालून आल्या. जहाज ढकलताना नायक घसरला आणि आडवा होऊन प्रेक्षकांत गेला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. वन्स मोअर आला. दुसऱ्यांदा तो घसरेना, तेव्हा मागून कोणीतरी ढकलला. हिमशार्दूलाची आई मेली तेव्हा लोक पोट धरून हसत होते. हा धक्का पचवायचा एक प्रकार असतो. दसरूभाऊ म्हणाले, पुढच्या वर्षी हेच, पण पोस्टरवर कॉमेडी लिहू.

पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या तीन खुर्च्या पहिला अंक संपता संपता रिकाम्या झाल्या. आमच्या घरच्यांच्या तर आधीपासूनच. कराराच्या गोष्टी गर्दीत होत नाहीत.

आता घरी जाऊन विचारतो.

९ जानेवारी, दुपारी

विचारलं.

इस्तारीभाऊ चुलीपुढे घोंगडी पांघरून, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. त्यांचं वडशात सायकलचं दुकान आहे. कंपनी नाही, कंपनीत कोणी ओळखीचंही नाही. नाटकाचं म्हणाल तर त्यांना पाय गारठल्याचं तेवढं आठवतं.

पुढचं त्यांच्या बाईंनी सांगितलं. दातावर दात वाजून राह्यले होते, तुमच्या डिंपलनं निखारे आणले, गोरसाचा चहा केला, माह्या पायाले तेल चोळलं, तेही हसत हसत. तिनं सांगितलं, भाऊ येडा नाही, नुसता घाईत असतो. आम्ही पोरगी पाह्याले आलतो, पाह्यली. पसंत हाय.

अमर शिंकत शिंकत पसंत म्हणाला. आई इतकी रडली की तिच्यावर एक अंक लिहिता येईल. बाबा पहाटेच तलावावर जाऊन पाहुण्यांसाठी मरळ घेऊन आले होते.

मला आनंद झाला. खरंच झाला. मग डिंपलला मागच्या दारी गाठून विचारलं, नाटक कसं वाटलं. ती म्हणाली, मी कुठी पाह्यलं दादा, मी तर चुलीजवळ होती. आई? तीही. बाबा? बाबा लाकडं फोडून देत होते.

वाईट वाटलं. माझ्या घरातल्या एकाही माणसाने धवलार्णव पाहिला नाही. सगळे त्याच्यातून माणसं बाहेर काढत बसले होते.

डिंपलला म्हटलं, तुला आत्ता वाचून दाखवू का, छोटा आहे. ती ताटं पुसत होती. म्हणाली, दाखवजो ना. पण पाहुण्यांले चारच्या गाडीले फाट्यावर सोडाचं हाय. बंडी रिकामी हाय ना?

मी हो म्हणालो आणि स्टेजवरून बंडीत परत आणलेली अर्धी लादी उतरवायला गेलो.