जुन्या स्नोमोबीलचा मुहूर्त

लायडस्खेनडाम, नेदरलँड्स
होळी, २८ मार्च २०२१

तीर्थस्वरूप गुरुनाथकाकांच्या चरणी धाकट्या पुतण्याचा, म्हणजे राजनचा, साष्टांग नमस्कार (दीड मीटर अंतर राखून).

इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत. मृण्मयीची शाळा सुरू झाली, त्यामुळे दिवसभर घरात मी आणि लतिका दोघंच एकमेकांच्या मीटिंगा ऐकत बसतो. आज पुरणपोळ्या झाल्या, वास शेजारच्या हेनीआजींपर्यंत गेला, त्यांना दोन दिल्या, त्यांनी त्या चीजबरोबर खाल्ल्या. तुमचा दमा कसा आहे? काकूंचा गुडघा? स्कूटर एका किकमध्ये सुरू होते ना? आईकडून कळलं की साठीच्या पुढच्यांना लस मिळू लागून महिना होत आला तरी तुम्ही गेला नाहीत, आणि कारण विचारलं तर म्हणालात की पहिल्या वर्षाचं मॉडेल शहाण्या माणसाने घेऊ नये. त्या विषयावर या पत्रात मी एक अक्षरही लिहिणार नाही. मोठ्यांना शिकवणं मला शोभत नाही, आणि तुम्हाला शिकवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. हे पत्र फक्त मी घेतलेल्या गाडीबद्दल आहे. फोनवर तिची अर्धीच हकीकत सांगितली होती, कारण उरलेल्या अर्ध्या वेळी लतिका खोलीत होती.

तुम्हाला १९९८ सालची मनाली आठवत असेल. बर्फावर त्या स्कूटर होत्या, पुढे दोन पट्ट्या आणि खाली रबरी पट्टा असलेल्या, आणि एका फेरीचे अडीचशे रुपये. मी बारा वर्षांचा होतो आणि मला जगात दुसरं काही नको होतं. तुम्ही घासाघीस करून सव्वादोनशेवर आणलंत आणि म्हणालात, उद्या येऊ, उद्या हा दोनशेला देईल. दुसऱ्या दिवशी रस्ता बंद झाला. परतताना बसमध्ये मी रडत होतो तेव्हा तुम्ही मला जवळ घेतलंत आणि म्हणालात, फेरीला काय पैसे द्यायचे, मोठा झालास की अख्खी गाडीच घे, फक्त सेकंडहँड घे. (हा उपदेश तुम्ही स्वतः पाळत आला आहात. फ्रीज बदली झालेल्या मॅनेजरचा, स्कूटर निवृत्त झालेल्या ओव्हरसियरची, आणि वर्तमानपत्र वरच्या मजल्यावरच्या वासंतीताईंचं, तेही आदल्या दिवशीचं, म्हणजे बातम्या खऱ्या निघाल्या की नाही तेही कळतं.) तर काका, मी मोठा झालो. तेवीस वर्षं लागली, पण झालो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात इथे बातमी आली की रविवारी मोठा बर्फ पडणार. हा देश परातीसारखा सपाट, बर्फ पडला तरी दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो, त्यामुळे 'मोठा बर्फ' म्हटल्यावर अख्खा देश वेडा झाला. लोक माळ्यावरून आजोबांचे स्केट काढायला लागले. मी संगणक उघडून स्नोमोबीलच्या, म्हणजे त्या मनालीच्या बर्फावरच्या स्कूटरच्या, किमती बघितल्या. नवी तेरा हजार नऊशे युरो. हँडल गरम होतं म्हणे. तेवढ्या पैशात आमचं अख्खं घर दोन हिवाळे गरम राहील. मग जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघितल्या, आणि उत्तरेला, फ्रीसलंडमध्ये, डाइकस्ट्रा नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थाची गाडी सापडली. दोन माणसांची, एकच मालक, चौदाशे पन्नास युरो. दोन माणसांची हे वाचलं आणि मागच्या सीटवर तुम्ही दिसलात, कानटोपी घालून, पेट्रोल किती पितेय असं विचारत. लतिकाला मी सांगितलं की आपण बारा हजार चारशे पन्नास युरो वाचवतो आहोत. ती म्हणाली, न घेतल्यास तेरा हजार नऊशे वाचतील. हिशेब दोघांचाही बरोबर होता, म्हणून शनिवारी व्हॅन भाड्याने घेऊन निघालो.

डाइकस्ट्रांच्या दारात पहिली अडचण नियमाची निघाली. त्या दिवसांत घरात रोज एकच पाहुणा घ्यायची परवानगी होती, त्यामुळे मी पाहुणा झालो आणि लतिका व्हॅनमध्ये बसली. म्हाताऱ्याने मला कॉफी दिली, डबा उघडून एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. काका, तेव्हाच मला कळायला हवं होतं की समोर आपल्याच जातकुळीचा माणूस आहे. मी तुमची पद्धत लावली. निम्मी किंमत सांगितली, तो नाही म्हणाला, मी 'राहू दे मग' म्हणून निघालो. तुळशीबागेत ही पद्धत कधी चुकत नाही, कोपऱ्यावर वळायच्या आत हाक येते. पण फ्रीसलंडमध्ये कोपराच नाही. मी चालतोय, चालतोय, आणि क्षितिजापर्यंत मी त्याला स्पष्ट दिसतोय. तो दारात कप घेऊन उभा. हाक मारायची त्याला गरजच वाटेना. अर्धा किलोमीटर गेल्यावर कान बधिर झाले आणि मी परत फिरलो (परत येतानाही तेवढाच वेळ लागतो, आणि या वेळी समोरून). लतिकाने व्हॅनची काच खाली करून विचारलं, "झालं का फिरून?" मी पूर्ण चौदाशे पन्नास दिले. म्हाताऱ्याने खूश होऊन डबा पुन्हा उघडला आणि दुसरं बिस्कीट दिलं.

रात्री नऊची संचारबंदी लागायच्या आत घरी पोचलो, दोन फळ्यांवरून गाडी मागच्या बागेत घसरवली, आणि रविवारी सकाळी उठून बघतो तर खरोखर सगळं पांढरंशुभ्र. किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पट्टा जुना आहे आणि बॅटरीचा भरवसा नाही, हे डाइकस्ट्रांनी मला आधीच सांगितलं होतं. मी तेव्हा क्षितिजाच्या विचारात होतो. मग नवी बॅटरी, नवा पट्टा, इंजिनचं ऑइल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं. पार्सल बर्फातच अडकलं आणि गुरुवारी आलं. चार दिवस बाहेर अख्खा गाव घसरगुंडी खेळत होता, कालवे गोठले होते, लोक आनंदाने हातपाय मोडून घेत होते, आणि मी शेडमध्ये पाना घेऊन बसलो होतो. मृण्मयी मधूनमधून येऊन बघायची आणि "पापा, दू मार नॉर्माल" म्हणून जायची, म्हणजे बाबा, जरा माणसासारखं वाग. गुरुवारी दुपारी पट्टा चढवला, किल्ली फिरवली, आणि काका, गाडी सुरू झाली. तुमच्या स्कूटरसारखी, एका झटक्यात. मला रडू आलं हे लतिकाला सांगू नका.

घरामागच्या कुरणाच्या मालकाने तिथे चालवायला हो म्हटलं होतं. गाडी बाहेर काढणार, तेवढ्यात मनात आलं की वाहन आहे, पूजा हवी, आणि आधी काकांना फोन करावा. तुम्हाला आठवतच असेल. तुम्ही पंचांग उघडलंत आणि म्हणालात, आज अमावास्या, आज चाकसुद्धा हलवू नकोस. (या गाडीला चाक नाही हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं.) पुढे म्हणालात, सोमवारी माघी गणेशजयंती, याहून चांगला दिवस नाही, आणि एवढी वर्षं थांबलास तर चार दिवसांनी काय बिघडतं. मला तुमचं म्हणणं पटलं. मी खोटं बोलणार नाही, अगदी मनापासून पटलं. शुक्रवारी सगळं कुरण पांढरं होतं. शनिवारी मी गाडी पुसली. रविवारी सुरिनामी दुकानातून (मूळचे आपल्याकडचेच लोक, सुरिनाममार्गे इथे आलेले) नारळ आणि लिंबं आणली. रविवारी संध्याकाळी वारा फिरला आणि सोमवारी सकाळी, काका, गणपती प्रसन्न होता, पन्हळीतून पाणी गळत होतं, आणि कुरण हिरवंगार होतं.

मी पायरीवर बसून राहिलो. लतिकाने मला एकही टोमणा मारला नाही, त्यावरून परिस्थिती किती गंभीर होती ते लक्षात घ्या. ती आत गेली, दोन बादल्या आणि मृण्मयीला घेऊन आली, आणि दोघी शेडच्या मागच्या सावलीतला उरलासुरला बर्फ भरायला लागल्या. ते बघून हेनीआजींनी कुंपणावरून त्यांच्याकडचा बर्फ देऊ केला. म्हणाल्या, न्या, माझा वापरून झालाय. मग पलीकडच्या घरांतूनही बादल्या आल्या, प्रत्येक जण दीड मीटरवर ठेवून मागे सरकणार. तासाभरात आमच्या बागेत सोळा फूट लांब आणि चार फूट रुंद असा बर्फाचा पट्टा तयार झाला. म्हणजे काका, माझा बर्फसुद्धा सेकंडहँड होता. लतिकाने कुंकू लावलं, नारळ फोडला, पुढच्या पट्ट्यांखाली लिंबं ठेवली, मी मृण्मयीला मागे बसवलं आणि गाडी हाकली. लिंबं चिरडली, गाडी सोळा फूट गेली आणि कुंपणाशी थांबली. अख्ख्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. मृण्मयी म्हणाली, "आणखी एकदा." मराठीत म्हणाली.

आता तुमच्या समाधानासाठी हिशेब. गाडी, व्हॅन, डिझेल, बॅटरी, पट्टा, ऑइल आणि नारळ मिळून अठराशे चौऱ्याण्णव युरो, धाव सोळा फूट, म्हणजे फुटाला एकशे अठरा. नवी घेतली असती तर नुसत्या गाडीचेच फुटाला आठशे एकोणसत्तर पडले असते. म्हणजे जुनी घेऊन मी फुटामागे साडेसातशे युरो वाचवले. तुमचा उपदेश शंभर टक्के बरोबर निघाला आणि मला अजिबात पश्चात्ताप नाही. रोज सकाळी चहा घेऊन मी तिच्यावर बसतो. मीटिंगासुद्धा तिथूनच करतो.

डाइकस्ट्रांना मी फोनवर ही हकीकत सांगितली तेव्हा ते इतके हसले की त्यांची बायको काय झालं ते बघायला आली. दरवर्षी ते उत्तर स्वीडनला जायचे, पुढच्या हिवाळ्यात परत जायचा विचार आहे, आमची गाडी त्यांच्या ट्रेलरवर न्यायला तयार आहेत (पेट्रोल निम्मं निम्मं). तिथे सहा महिने बर्फ असतो, मुहूर्त कुठलाही काढा. मागची सीट रिकामी आहे. दोन हजार वीसच्या एप्रिलची तुमची तिकिटं रद्द झाली तेव्हापासून काकूंनी भरलेल्या मेतकुटाच्या बरण्या तिकडे आणि आम्ही इकडे, असं चाललंय. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही यायचं आहे.

वडीलधाऱ्यांना नमस्कार म्हणावं तर आपल्या घराण्यात तुमच्याहून वडील आता कुणी उरलेलं नाही, तेव्हा तोही तुम्हालाच.

आपला,
राजन

ता. क. १ : लशीबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं, ते मुख्य पत्रापुरतं. काका, मनालीत आपण दोनशेची वाट बघितली आणि रस्ता बंद झाला. इथे गणेशजयंतीची वाट बघितली आणि बर्फ गेला. दोन्ही वेळा मी हिरमुसलो आणि दोन्ही वेळा भागलं, कारण ती नुसती गाडी होती. तुमच्या छातीचा भाता मला ठाऊक आहे, पुण्यातले आकडेही मी रोज बघतो, आणि मला फार भीती वाटते. माझा नंबर इथे उन्हाळ्याशिवाय लागणार नाही. तुमच्याकडे दवाखाना चालत सात मिनिटांवर आहे. पंचांग मिटा आणि जा. एवढं एकच मागणं आहे, बाकीची पानं ते मागायचा धीर यावा म्हणून लिहिली.

ता. क. २ : दुसऱ्याने वापरून बघितल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही हा तुमचा नियम मला मान्य आहे. म्हणून एक गोष्ट कळवतो, जी तुम्हाला कळवायचं धैर्य घरात कुणाला झालेलं नाही. नऊ मार्चला शोभाकाकू आणि वासंतीताई भाजी आणायला म्हणून गेल्या आणि दोन तासांनी नुसती मेथीची एक जुडी घेऊन परतल्या, आठवतंय? त्या दवाखान्यात होत्या. एक दिवस काकूंचा दंड दुखला, आणि त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडल्याबद्दल तुम्ही त्यांना बोललात. म्हणजे काका, आज एकोणीस दिवस ती वस्तू तुमच्याच घरात, माहितीच्या माणसाकडून, रोजच्या वापरात आहे. दुरुस्ती शून्य. आता ती नवी राहिलेली नाही.