कलम नऊ आणि माझा घसा

सोमवार, ११ नोव्हेंबर
आजपासून हेगमध्ये परिषद. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्ध सगळ्या देशांचा एक करार. एकानेही नकार दिला तर सगळं मुसळ केरात. नेदरलँड्सचा प्रतिनिधी मी, आणि कलम नऊ मी लिहिलेलं: डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक कुठेही विकायचं नाही. शुक्रवारी अख्खा मसुदा व्यासपीठावरून मीच वाचणार, मग जिनिव्हाचं पोस्टिंग. आवाज कमावलेला आहे. हिल्त्ये म्हणते, कमावलेला नाही, चढवलेला आहे. बायकोला आवाजातलं कळत नाही.
घसा किंचित खवखवतोय. सायकलवरचा वारा.

संध्याकाळी
झांबियाच्या मुटाले बाई कलम नऊवर अडल्या. म्हणाल्या, आमच्याकडे औषधाचं दुकान गावात, डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर. चिठ्ठी काय झाडावरून तोडायची? मी शिस्तीचं महत्त्व समजावलं. माझ्याकडे एकटक बघत राहिल्या. पटलेलं दिसलं.

मंगळवार, १२
घशात निखारे. आमच्या डॉक्टर आफ्केंकडे गेलो. टॉर्च मारून म्हणाल्या, व्हायरस आहे, पॅरासिटामॉल घ्या, आठवड्यात बरं वाटेल. या देशात पाय मोडला तरी पॅरासिटामॉलच. म्हटलं, शुक्रवारी देशाची अब्रू माझ्या घशात आहे. तर म्हणतात, मग तिला जरा गप्प बसू द्या. अँटिबायोटिकचं सुचवून पाहिलं. हसायलाच लागल्या. अहो, कलम नऊवाले तुम्हीच ना? पेपरात फोटो होता!
नियम आणि अपवाद यांतला फरक यांना कळत नाही.

रात्री
मुटाले बाईंना मेसेज केला. त्यांचा एक सहकारी उद्या लुसाकाहून येतोय, त्याच्याबरोबर अँटिबायोटिकच्या दहा गोळ्या मागवता येतील का? पूर्णपणे खासगी. प्रश्न तत्त्वाचा नाही, घशाचा आहे. यातून परस्परविश्वासही वाढेल. मुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच.

बुधवार, १३
उत्तर आलं: "विचार करते." आशादायक.
आवाज गंजलेल्या फाटकासारखा. हिल्त्येने रात्री उशाशी कांदा चिरून ठेवला होता, तिच्या आईचा उपाय; केसांना अजून वास. सभागृहात माझ्या शेजारची खुर्ची दिवसभर रिकामी.
मंत्र्यांचा फोन. म्हणाले, फोल्कर्ट, कलम नऊ पडलं तर करार पडेल, आणि जिनिव्हा विसर. मी म्हणालो, मुटाले बाई माझ्या खिशात आहेत. त्यांना बहुतेक ऐकू गेलं नाही.

गुरुवार, १४
मुटाले बाई बोलायला उठल्या. हातात फोन. माझा मेसेज सगळ्या देशांसमोर वाचला. 'घशाचा आहे' यावर नॉर्वेवाले टेबलावर डोकं टेकून हसत होते.
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे कलम लिहिणाऱ्या साहेबांचा डॉक्टर सायकलवरून चार मिनिटांवर आहे, तरी यांना धीर निघत नाही. आणि माझ्या गावातल्या बाईने तापलेलं पोर पाठीला बांधून चिठ्ठीसाठी दोन दिवस चालायचं? आधी डॉक्टर द्या, मग चिठ्ठी मागा.
सणसणीत उत्तर तयार होतं. तोंड उघडलं, नुसती हवा. सभागृहाला वाटलं, माणूस शरमेने गप्प झाला. सहानुभूतीची एक लाट आली.
रात्रीपर्यंत कलम नऊ नवं: श्रीमंत देशांनी आधी गावोगावी डॉक्टर आणि तपासणीची सोय उभी करायची, मगच चिठ्ठीची सक्ती. एकमताने मंजूर. माझ्या मेसेजशिवाय हे घडलंच नसतं, हे इतिहासात नोंदलं जावं.

शुक्रवार, १५
मसुदा मुटाले बाईंनी वाचला. पानं मी उलटली. एकही चुकवलं नाही.
निघताना त्यांनी हातात पुडी दिली. सांगितल्याप्रमाणे दहा गोळ्या. पेपरमिंटच्या. म्हणाल्या, घ्या हो, याला चिठ्ठी लागत नाही.

सोमवार, १८
घसा ठणठणीत. आठवडाच लागला. डॉक्टरांचा अंदाज बरोबर आला, योगायोगाने.
जिनिव्हाला दुसऱ्या कुणाला पाठवतायत.
इतका खणखणीत आवाज वाया कशाला घालवायचा, म्हणून हिल्त्येला सगळा मसुदा उभं राहून वाचून दाखवला. ती भांडी पुसत होती. कलम नऊपाशी थांबली. म्हणाली, हे किती माणुसकीचं लिहिलंय रे! हे तू लिहिलंस?
नेमका तेव्हाच मला खोकला आला.