नेतृत्व शिबिर की कूलर

२४ मे, द्वारका

तीन दिवस आमचा कूलर हॉलमध्ये उघडा पडलाय आणि माझ्यासारखी प्रतिष्ठित बाई वर्तमानपत्राने वारा घेतेय. कारण ईरा. बारावीत गेलेली माझी लेक सुट्टीत सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडे, रमेशजींकडे, मोटर दुरुस्ती शिकतेय. शाळेच्या करिअर कौन्सेलर म्हणाल्या, "कॉलेजच्या अर्जात नेतृत्व शिबिर शोभतं, कूलर नाही." सकाळी मीही तेच बोलले. वर विचारलं, "मिस्त्री व्हायचंय का?"

"आई, शिबिरात सगळेच लीडर. काम कोण करणार, यार?"

यावर मी, मी, पुन्हा वर्तमानपत्र उचललं आणि वारा घेऊ लागले.

संध्याकाळी कूलर चालला. थोडा गळतो, पण चालतो. शिबिराचा अर्ज मी फाडला, ईराची उरलेली सुट्टी रमेशजींकडेच. मग ईराजवळ जाऊन म्हटलं, "सकाळी मिस्त्री हा शब्द मी शिवीसारखा वापरला. चुकलं."

"अच्छा. तो पाना दे."

दिला.