कवड्यांनी ठरवलेली चूक

देऊळगाव राजा, ता. ३ जानेवारी १९४४

चि. इंद्रभान यास काका उकंडरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावले. वैमानिकांच्या छावणीत जमिनीला खिळलेले लाकडी विमान आहे, बाहेरचे न पाहता उडणे शिकावे म्हणून त्यात पोरांना झाकून बसवतात, आणि बिनतारी ठाण्याची दिशा कळवताना तीत मुद्दाम चूक मिसळणे हे तुझे काम, असे लिहितोस. मराठी चौथीच्या बळावर मी तीस वर्षे पटवारीपण केले; चुका काढण्याचा पगार घेतला. तू बी.एस्सी. होऊन चुका घालण्याचा घेतोस! तुझी काकू सत्यभामाबाई विचारते की पोरगं नोकरी करून राह्यलं की खेळून राह्यलं. तूच काय ते कळव.

आशीर्वाद आहेत; कौतुक मागू नये.

ता. ९ जानेवारी

तीर्थरूप काकांचे चरणी इंद्रभानाचा साष्टांग नमस्कार.

डोंगरांनी आणि मावळतीच्या वेळी बिनतारीची खरी दिशाही वाकते. म्हणून ती चूक आणावी लागते. मी दर मिनिटास कवड्या टाकून जितक्या उताण्या पडतील तितके अंश डावीउजवीकडे चुकवतो. लाकडी विमानात सगळे नीट घरी येतात. पण सर्वांत हुशार शालिग्राम परवा खऱ्या ढगांत चाळीस मैल भरकटला. पेट्रोल संपून नांगरटीत उतरला, हात मोडला. वीस तारखेस आणखी सहा जण जाणार. साहेब म्हणतात, दोष पोराचा. मला तो माझा वाटतो, पण सापडत नाही. काका, रागवा, पण सांगा.

ता. १३ जानेवारी

चि. इंद्रभान यास आशीर्वाद.

कवड्या! अरे, त्या आत्ता डाव्या, मग उजव्या, बेरीज शून्य. पोर झोपले तरी घरी पोचेल. खरी चूक अशी विसराळू असते, हे कोणत्या गाढवाने शिकवले? चुकीला कारण असते, आणि कारण आहे तोवर ती एकाच अंगाला ओढते. एका हंगामात माझ्या मोजणीच्या साखळीची कडी फाकली, साखळी चार बोटे वाढली, आणि एकूणएक शेत कागदावर कमी भरले. जास्त एकही नाही. साहेबांचा हुकूम आहे असे गावाला सांगून मी एकशे चार शेते पुन्हा मोजली. हे तुझ्या काकूसही ठाऊक नाही.

उड्डाणाआधी एकदाच कवड्या टाक. मग तीच चूक पोराच्या मानेवर बसू दे. डोंगर जवळ येईल तशी वाढव.

लोभ आहे; अक्कल आल्यास वाढेल.

ता. १८ जानेवारी

तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार.

लाकडी विमानात सहाही जण भरकटले. साहेब मजवर ओरडले, मग स्वतः आत बसले, तेही भरकटले. वीस तारखेचे उड्डाण महिनाभर लांबले. पोरे आता दुसऱ्या ठाण्याशी दिशा ताडून पाहण्यास शिकत आहेत.

ता. २३ जानेवारी

चि. इंद्रभान यास आशीर्वाद.

सहा पोरे व एक साहेब चुकले, हे तुझ्या पत्रांतील पहिले शहाणे वर्तमान. तुझ्या काकूने पेढे वाटले. पोरगं पास झालं काय, असे शेजारच्या पुंजाजींनी विचारले. सहाही नापास, असे मी सांगितले, आणि त्यांना आणखी एक पेढा दिला.