पाहुणा म्हणून आत या

ता. ९, मंगळवार

चि. धाकट्या,

पाहुण्याला आत बोलवायचं आणि तोंड शिवून बसवायचं, ही कुठली रीत? आशीर्वाद मागाहून, आधी याचं उत्तर दे.

तुझ्या कॉलेजच्या त्या ऑनलाइन वर्गाबद्दल बोलतेय. लेकीच्या फोनवर उघडला. खाली बटण होतं, ‘पाहुणा म्हणून आत या’. गेले. महिनाभर जातेय, तुला बोलले नाही. रसायनाचे नऊच्या नऊ धडे झाले, काही दोनदा. व्हिडिओत तू फार भराभर बोलतोस, पण थांबवता येतं. लहानपणी तुला थांबवायची सोय नव्हती.

आता सहाव्या धड्याखाली तुझी पोरं विचारतायत, ब्यूरेटमधून थेंब थेंब सोडताना पहिलं माप जास्त का येतं आणि पुढची कमी का. अकरा जणांनी अकरा तर्क लढवलेत. अरे, ती नळी नुसत्या पाण्याने धुतात आणि तशीच भरतात. आत राहिलेलं पाणी द्रावण पातळ करतं. जे भरायचं त्यानेच शेवटी विसळायची. एकोणीस वर्षं प्रयोगशाळेची काचभांडी धुतेय, मला नाही कळणार तर कुणाला? उत्तर लिहायला गेले तर म्हणे, पाहुण्यांना परवानगी नाही.

लेक म्हणाली, “मामाला फोन कर की.” म्हटलं, फोनवर तो “बघतो ताई” म्हणेल आणि विसरेल. कागद समोर पडलेला बरा.

हा वर्ग ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर फुकटचं, कुणीही घ्यावं, सुधारावं, असं तूच पहिल्या पानावर लिहिलंयस. फुकटचं म्हणून नावं ठेवायला बसले होते, ठेववेनात. दार सगळ्यांना उघडं ठेवलंस, तेही आपल्या भाषेत. मला गोड बोलता येत नाही, पण तुझे उपकार झाले रे.

आणखी एक. चौथीत नापास झाले म्हणून शाळा सोडली, असं तुला सांगत आले. खोटं. वर्गात पहिली आले होते. आई अंथरुणाला खिळली आणि तू रांगत होतास. तुझ्या मनाला लागू नये म्हणून बोलले नाही. राग मात्र होता. परवा तुझा धडा ऐकताना शोधला, सापडला नाही.

शनिवारी चाचणी आहे. मला बसायचंय. शुक्रवारपर्यंत पाहुण्यांतून काढून पटावर घे आणि तसं कळव. नाव शाळेतलं घाल, लग्नाआधीचं.

तुझी ताई