राखणदाराचं ताट

१९ नोव्हेंबर २०१६

परत एक करडू नेलं! जाळीखालून उकरून. बाहेर आले तर म्हातारी दगड मारत उभी. जनावर कधीच डोंगरात पसार, आणि ही मारतेच आहे. म्हटलं, अम्मा, आता कोणाला मारतेस? म्हणाली, "त्याला ऐकू जातंय."

लांडगा. इथं अरबीत धीब म्हणतात. आमच्या गावी बिबळ्या, तो कुत्री नेतो. हा मेला बकऱ्यांवरच टपलेला. खाली सलालाह दिसतं, नारळाच्या बागा, रस्ते, माणसं. आणि वर डोंगराच्या पायथ्याशी आम्ही दोघी. आले ह्या म्हातारीच्या घरी जेवण रांधायला, झाले बकऱ्यांची दाई.

२३ नोव्हेंबर

उर्वीचा फोन. फेब्रुवारी सांगितलाय डॉक्टरणीने. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायला पाहिजे. माहेर म्हणजे मी. बाप गेला तिचा, घराला कुलूप, चावी शेजारी रखमाबाईकडे. मी असले तर ते माहेर, नाहीतर नुसत्या भिंती.

"आये, येतलंस मां?"

येतलंय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२५ नोव्हेंबर

अर्बाबला, म्हणजे मालकाला, विचारलं. म्हातारीचा मोठा मुलगा, मजीद. वाईट नाही माणूस. म्हणाला, खाली शहरात घर आहे, कामाला बाई आहे, सगळं आहे. पण अम्मा बकऱ्या सोडून येत नाही. तिला इथं एकटी कशी ठेवू? "ती खाली आली की तू जा. इन्शाल्ला."

इन्शाल्ला म्हणाला. म्हणजे संपलंच.

म्हातारी आतून ऐकत होती. चहा मागितला. मी आदळला.

२९ नोव्हेंबर, अमावास्या

आज राखण दिली. आमच्याकडे दरवर्षी देतात, जागेच्या राखणदाराला, शिवेवर. त्याचं पोट भरलं की तो गुरं-माणसं सांभाळतो. ह्या डोंगराला पण कोणी असेलच की! भात घेतला, कोंबडीची तंगडी घेतली, खालून आणलेला नारळ. दारू कुठून आणू? लबन, म्हणजे इथलं ताक, ठेवलं वाटीभर. विडीच्या जागी जैनुद्दीनची सिगरेट.

जैनुद्दीन राजापूरचा. आम्हाला पाणी आणि चारा आणतो गाडीतून. हसून हसून वाकला. "काय गो गंगाबाय, तुझ्या राखणदाराला व्हिसा आहे काय?" म्हटलं, गप बस. मी गाऱ्हाणं घालते, तू नुसतं मागून होय महाराजा म्हण. कोणीतरी म्हणायला लागतं. म्हणतो, "मी नाही बाबा! वरती दोन्हीकडून मार पडेल मला."

एकटीनेच घातलं. बा राखणदारा, ह्यां रान तुझां, ही जनावरां तुझ्या वळचणीक इली आसत, तेंका सांभाळ रे म्हाराजा. मग थांबले. सवय आहे ना थांबायची. घरी असते तर सगळ्यांनी एकदम म्हटलं असतं. इथं एक बकरी खोकली.

३० नोव्हेंबर

ताट चाटूनपुसून साफ! सिगरेट मात्र तशीच.

१८ डिसेंबर

आता दर बुधवारी-रविवारी ठेवते. म्हातारीला कळू देत नाही, तिच्या धर्मात बसायचं नाही ते. एक करडू गेलं नाही तेव्हापासून. बघ म्हणावं जैनुद्दीनला!

चांदीला दोन करडं झाली. कपाळावर पांढरा ठिपका, डावा कान फाटलेला, म्हातारीची लाडकी. म्हातारी संध्याकाळी लुबानाचा धूर घेऊन गोठ्याभोवती फिरते, तोंडाने काहीतरी पुटपुटते. उर्वी लहान होती तेव्हा न्हाऊन झाल्यावर अशीच धुरी द्यायचे. धुरात हात-पाय उडवायची.

२ जानेवारी २०१७

आज बांगडे मिळाले. तिरफळ नाही. म्हातारीने चाटूनपुसून खाल्ले. उर्वीला हेच खावंसं वाटतंय म्हणे. सासू करते, पण ओलं खोबरं कमी घालते.

८ जानेवारी

माझं डोकं फिरलं होतं काय!

जैनुद्दीनने ताटाकडे बोट दाखवलं. पाऊस नाही, वारा नाही, मऊ मातीत पंज्यांचे ठसे. कुत्र्यापेक्षा मोठे. एक वाट डोंगरातून ताटापर्यंत, आणि ताटापासून पुढे गोठ्यापर्यंत. गोठ्याभोवती गोल गोल.

"गंगाबाय, तुझा राखणदार चार पायांचा आहे गो."

या वेळी हसला नाही तो. मी त्या मेल्याला जेवायला बोलावत होते! पोट भरत होतं तोवर बकऱ्यांना हात लावला नाही एवढंच. आता वाट त्याला पाठ झाली.

ताट घासून पालथं घातलं. जाळीखाली दगड भरले, नखं तुटली.

१४ जानेवारी

आज संक्रांत. तिळगूळ नाही, काही नाही.

उर्वी म्हणते, सासूबाई म्हणतात इथंच करूया बाळंतपण. "तू येऊचं नसशीत तर तसां सांग गो. मी वाट बघणार नाय." आवाज कोरडा. रडली असती तर बरं झालं असतं.

काजू मोहरला असेल आमच्या परसात. खळ्यात कोणी शेण लावलं नसेल. बाळंतिणीची खोली कोण उघडणार, कोण वारा खेळवणार?

सांगते, लपवून काय करू. मनात आलं. बकऱ्या गेल्या तर म्हातारी खाली जाईल. म्हातारी खाली गेली तर मी सुटले. करायचं काय, नुसतं ताट भरून ठेवायचं. या वेळी शिवेवर नाही, गोठ्याच्या दाराशी.

ताट हातात घेऊन उभी राहिले बराच वेळ. म्हातारी आली मागून. "बिन्त?" मुलीचं काही आहे का, म्हणून विचारते. मी मान हलवली. तिने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गेली.

ताट परत पालथं घातलं. मला नाही जमत. चांदीची पिल्लं अजून आचळाला लागलीत.

१६ जानेवारी

नाही ठेवलं. आजपण नाही ठेवलं.

१९ जानेवारी

चांदी गेली. दोन्ही पिल्लांसकट.

पहाटे गाडीचा आवाज आला होता झोपेत, पाण्याची असेल म्हणून कूस बदलली. उठले तर म्हातारी गोठ्यात बसलेली. "धीब," म्हणाली. तिघं एकदम! रक्ताचा थेंब नाही. जाळी पण बरी. दार तेवढं उघडं. मी काल लावलं होतं की नाही? लावलंच होतं. का नाही?

मीच शिकवली त्याला वाट. सगळं सांगून टाकलं म्हातारीला, मोडक्या अरबीत, ताटाचं, राखणीचं, लबनचं. वाटलं आता हाकलते. तिने ओढणी तोंडावर घेतली. खांदे हलत होते. मग माझा हात थोपटून म्हणाली, "माफी मुश्किल, गंगा." काही हरकत नाही म्हणे! मला आणखीनच रडू आलं.

२१ जानेवारी

मजीद आला. म्हातारी त्याला म्हणाली, मला भीती वाटते, खाली ने.

भीती! हिला! जी दगड मारायला अनवाणी धावते तिला!

मजीदचा विश्वासच बसेना. दहादा विचारलं त्याने. ही आपली खाली मान घालून, "भीती वाटते." त्याने माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवायला आत गेले. तोंड होतं कुठे मला?

खलास. उरलेल्या बकऱ्या उद्या बाजारात.

२२ जानेवारी

बकऱ्या चढवल्या गाडीत. म्हातारीने एकेकीच्या कानात काही सांगितलं. गोठा रिकामा बघवत नाही. मला तिकीट मिळालं, मला आनंद व्हायला पाहिजे ना? आनंद होतोय आणि लाज वाटतेय. तिची माणसं विकून मी माझ्या माणसाकडे चाललेय.

उर्वीला सांगितलं. आता रडली कार्टी.

२६ जानेवारी

म्हातारीला खालच्या घरी सोडलं. पलंग आहे, एसी आहे. खिडकीशी बसली, डोंगराकडे तोंड करून. लुबानाची पिशवी दिली मला, बाळाच्या धुरीसाठी. पाया पडायला वाकले तर खांद्याला धरून उठवलं. एवढंच म्हणाली, "यल्ला, जा. लेक वाट बघते."

२७ जानेवारी

विमानतळाच्या वाटेवर जैनुद्दीनने गाडी वळवली. म्हातारीच्या बहिणीकडे चाऱ्याचं पोतं टाकायचंय म्हणाला. मी गाडीतच बसून होते. तिथल्या गोठ्यातून एक बकरी जाळीपाशी आली. डावा कान फाटलेला, कपाळावर ठिपका. मागून दोन पिल्लं उड्या मारत.

जैनुद्दीन पोत्याकडे बघत म्हणाला, "तू काही बघितलं नाहीस. अर्बाबला कळलं तर मेलो मी."

गाडी सुटल्यावर मी लुबानाची पिशवी मांडीवर घेतली आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. त्या म्हातारीक सांभाळ रे म्हाराजा.

थांबले.

"होय महाराजा," जैनुद्दीन म्हणाला, रस्त्यावरची नजर न काढता.