पडद्याला तोंड नाही

बाई,

तुम्ही असता तर आधी पोटभर हसला असता. आपल्याच शाळेत, त्याच खोलीत मी आता शिकवते आणि तुमच्या फळ्याच्या जागी भला मोठा डिजिटल पडदा लागला आहे. धडा तोच शिकवतो, प्रश्नही तोच विचारतो. मुलं टॅबवर उत्तराला बोट लावतात आणि कोण हुशार, कोण कच्चं हे ॲप ठरवून मोकळं होतं. मी आपली बाजूला उभी, लग्नात काम न मिळालेल्या काकूसारखी.

वर्गात एक मुलगी आहे. बाप समोरच्या कापडाच्या कारखान्यात लूम चालवतो, बिऱ्हाड त्याच कारखान्याच्या माळ्यावर. मी शिकवलं की ती पटापट उत्तरं देते. तोच धडा पडद्याने शिकवला की ॲपवर तिच्या नावापुढे लाल खूण. हेडसर तिला कच्च्या मुलांच्या गटात टाकायला निघालेत. तिची आई ते ऐकून आली ती रडवेलीच. "कच्चीच हाय तर शाला कशाला, टीचर? गावी पडघ्याला आजीकडं धाडते, धाकट्याला तरी बघंल."

काल मुलीला जवळ बसवून विचारलं, "व्हिडिओ कळत नाही का गं?"

"आवाज येतो, टीचर. पन त्याला तोंडच न्हाय."

आणि मला तुम्ही दिसलात. खिडकीबाहेर लूमची खडखड चाललीये. त्या खडखडाटात आमचे आईबाप एकमेकांशी ओठांनी आणि हातवाऱ्यांनीच बोलायचे, तीच सवय आम्हा पोरांना. तुम्ही फळ्यावर लिहिताना कधी बोलत नसायचात. लिहून झालं की हात झटकून वळायचात आणि मग तोंड भरून एकेक शब्द. एकदा मी बाहेर बघत बसले होते, तर तुम्ही येऊन माझी हनुवटी धरून वळवलीत. "माझ्या तोंडाकडे बघ. लूम कुठं पळून जात नाही." हनुवटीला खडू लागला होता, तो मी घरी जाईपर्यंत पुसला नाही.

म्हणून आज व्हिडिओचा आवाज बंद केला आणि पडद्याशेजारी उभी राहून स्वतः बोलले, तुमच्यासारखी. पोरीची सगळी उत्तरं हिरवी! मी नाचतच हेडसरांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, हे तुमचं शिकवणं झालं, व्हिडिओचं कुठे? आणि आधी तिचे कान दाखवून घ्या."

राग आला. पण ते चुकले असं छातीठोकपणे म्हणता येईना. ही गल्लीची सवय आहे की पोरीला खरंच कमी ऐकू येतं? सोमवारी तिला डॉक्टरकडे नेते आहे. कान चांगले निघाले तर ती कच्ची ठरणार, खराब निघाले तर बहिरी; दोन्हीकडून आई तिला पडघ्याला धाडणार. इकडे आड, तिकडे विहीर. पोरीच्या भल्यासाठी मी देवाकडे नेमकं काय मागू, तेच समजत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तरी एक सांगते. सकाळपासून तुमचा आवाज आठवायचा प्रयत्न करते आहे. तुमचे ओठ दिसतात, पुढच्या दातांमधली फट दिसते, शब्दही सगळे आठवतात. आवाज आठवत नाही. सोमवारी त्या डॉक्टरांना माझेही कान दाखवावेत असं वाटतं, बाई, पण धीर होत नाही.